शुद्धिपत्र

अंधांच्या ध्वनिग्रंथालयात पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणं हे वाचनबाईंचं काम. नाव त्यांना होतंच, पण ते पगारपत्रकापुरतं. ग्रंथपालापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना वाचनबाईच म्हणत. काम करायची खोली कपाटापेक्षा थोडी मोठी. आवाज शोषायला भिंतींना बुचाचे तक्ते लावलेले, दाराला रबराची पट्टी, पंखा नाही कारण पंखा घरघरतो. बाई आत जाताना मनगटावरचं घड्याळ काढून ठेवत, सळसळणारे कडक कपडे घालत नसत आणि सकाळी पोटभर खात नसत, कारण भरलेलं पोट बोलतं. एवढी तयारी करून त्या दिवसभर बोलत, आणि समोर ऐकायला कोणी नसे.

ग्रंथालयाचा एकच नियम होता आणि तो बाईंच्या हाडीमाशी भिनला होता: वाचकाने पदरचं काही घालायचं नाही. लेखक वेड्यासारखं बोलला तर तेही असं वाचायचं की तो शहाणाच वाटला पाहिजे. हसू आलं तर यंत्र थांबवायचं, हसून घ्यायचं आणि मग पुढे जायचं. दुसरे वाचक छपाईच्या चुका वाचतावाचता सुधारून घेत. बाई चूक चुकीसारखीच वाचत आणि पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडलेलं असलं तर तेही वाचत, पान अमुक, ओळ तमुक, याऐवजी असे वाचावे. एवढी कटकट कशाला, असं ग्रंथपालाने एकदा सुचवून पाहिलं. डोळस माणसाला लेखकाची चूक बघायला मिळते, मग आंधळ्याने काय घोडं मारलंय, असं बाईंनी विचारलं. ग्रंथपाल पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

अशा बाईला माणसं किती असणार, ते सांगायला नको. भाऊ परगावी होता. तो अधूनमधून फोन करायचा, म्हणजे वहिनी करायची आणि ठेवताना 'हे पण आहेत बरं का इथेच' असं सांगायची. संध्याकाळी घरी आल्यावर बाईंना स्वतःचा आवाज नकोसा झालेला असायचा, आणि दुसरा आवाज घरात नव्हता. गंमत अशी की त्या खोलीतला आवाज त्या घरी आणतच नसत. एरवी त्यांचं बोलणं घाईचं, अर्धं गिळलेलं, पडसं झाल्यासारखं. तो दुसरा, स्वच्छ आणि ठाम आवाज समोर छापील कागद आला तरच लागायचा. बाईंना काय हवंय ते भाजीवाल्याला दोनदा विचारल्याशिवाय कधी कळलं नाही.

एकटेपणाला अपवाद एकच, ऑपरेटरचा. हे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले गृहस्थ, जन्मापासून अंध आणि ग्रंथालयाचे जुने श्रोते. त्यांनी पहिला फोन केला तो तक्रारीचा. बाईंच्या आवाजामागे कुठेतरी नळ गळतोय, तो दुरुस्त करून घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी शोधलं तर खरंच, दोन दारांपलीकडच्या मोरीतला नळ टिपटिपत होता. इतकं कान देऊन आपल्याला कोणी ऐकतंय हे कळल्यावर बाई त्या दिवशी घरी जाताना उगाच लांबच्या रस्त्याने चालत गेल्या.

मग दुपारच्या सुट्टीत फोन येऊ लागले. दोघांचं जमायला कारणही होतं. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, मध्ये बोलला तो ऑपरेटर नव्हे, असं ते म्हणायचे. बाईंना स्वतःची यापेक्षा चांगली ओळख कुणी करून दिली नव्हती. दोघं एकाच गावात राहत होते, तरी भेटले मात्र कधी नाहीत. भेटायचं कशाला, तुम्ही तर रोज घरी येता, असं ऑपरेटर एकदा हसून म्हणाले होते. बाईंना ते आवडलं आणि लागलंही.

त्या वर्षी गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. नळाच्या पाण्यात कुठेतरी गटाराचं पाणी मिसळलं होतं. कर्णे लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरून सांगत होती, पाणी उकळून प्या, जुलाब लागले तर मीठ-साखर घातलेलं पाणी सतत पीत राहा, थकवा आला तर लगेच हॉस्पिटल गाठा. पण गाडी पुढच्या गल्लीत गेली की तिचं कोण ऐकतो? लोकांचे फोन मात्र खिशातच होते.

एका दुपारी ऑपरेटरांनी बाईंना एक चित्र पाठवलं. श्रोत्यांच्या ग्रुपवर कोणाच्या तरी भाच्याने ते टाकलं होतं. आंधळ्यांचे फोन अक्षरं वाचून दाखवतात, पण अक्षरांचा फोटो आला की यंत्र नुसतं 'चित्र' म्हणतं आणि गप्प बसतं. ग्रुपवर सगळे एकमेकांना विचारत होते की आहे तरी काय त्यात. तेवढं वाचून पाठवाल का, असं ऑपरेटरांनी विचारलं. बाई त्या बुचाच्या खोलीत बसल्या होत्या, घड्याळ काढलेलं होतं, घसा तापलेला होता. त्यांनी समोर आलेलं वाचलं.

"एका ज्येष्ठ तज्ज्ञांचा सल्ला. या रोगाचा जंतू पाण्यावर जगतो. जुलाब सुरू होताच पाणी पूर्ण बंद करावे. कोरड्या शरीरात जंतू तग धरत नाही. सलाईन म्हणजे शिरेतून दिलेले पाणीच, ते घेतलेला रुग्ण घरी परतत नाही. ही माहिती आपल्या माणसांपर्यंत पोचवावी."

इतका चांगला आवाज त्या खोट्याला मिळायला नको होता. बाईंनी एकही शब्द पदरचा घातला नाही, की कुठे उपरोधाचा सूर लावला नाही. वाचन संपवून पाठवलं आणि मग, मत वेगळं आणि वाचन वेगळं म्हणून, खाली वेगळी ओळ टाइप केली: हे शुद्ध थोतांड आहे, कोणी ऐकू नका. ऑपरेटरांनी जोडून द्यायचं काम केलं. वाचन ग्रुपवर टाकलं आणि ते बाजूला झाले. टाइप केलेली ओळ त्यांच्याच फोनमध्ये राहिली.

पुढे काय झालं ते बाईंना पाण्याच्या टँकरच्या रांगेत कळलं. पुढे उभ्या असलेल्या एका बाईच्या फोनमधून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. एका ज्येष्ठ तज्ज्ञांचा सल्ला. ती बाई मान डोलवत ऐकत होती. बघा कसं स्पष्ट सांगतात, असं ती शेजारणीला म्हणाली, आमची मुलगी यांच्या पुस्तकांवरच शिकली, डोळे नाहीत तिला. वाचनबाईंनी तिचा दंड धरला आणि सांगितलं की हा आवाज माझा आहे आणि हे सगळं खोटं आहे. बोलताना त्यांची घाई झाली, अर्धे शब्द गिळले गेले. त्या बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि, तुमचा आवाज कुठे असा आहे, असं म्हणून फोन पिशवीत टाकला.

घरी येऊन बाई श्रोत्यांच्या ग्रुपमध्ये सामील झाल्या आणि त्यांनी स्वतः बोलून पाठवलं की मी वाचलं होतं, पण ते खरं नाही. वरातीमागून घोडं, तेही लंगडं. ही कोण बोलतेय, असं एकाने विचारलं. आवाज थोडा वाचनबाईंसारखा वाटतो, दुसरा म्हणाला. मग तिसऱ्याने सगळ्यांना सावध केलं की वाचनबाईंच्या नावावर कोणीतरी अफवा पसरवतंय, विश्वास ठेवू नका. आणि लोकांनी त्याचे आभार मानले.

ग्रंथपालाने त्यांना दुसऱ्या दिवशी सरळ उपाय सुचवला. खरं काय ते कागदावर लिहा आणि तुमच्या वाचनाच्या आवाजात वाचून टाका. बाईंनी साफ नकार दिला. आपणच लिहायचं आणि छापलेलं असल्यासारखं वाचायचं, म्हणजे खोट्या नोटा छापण्यातला प्रकार, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथपालाने कपाळाला हात लावला. मला विचाराल तर कपाळमोक्ष होईपर्यंत तत्त्व सांभाळणारी माणसं दुसऱ्याच्या कपाळाचा विचार करत नाहीत. पण बाईंचं सगळं आयुष्य त्या एका नियमावर उभं होतं, तेही विसरून चालणार नाही.

त्यानंतर दुपारचे फोन थांबले. पहिल्या दिवशी बाईंनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन लावला. ऑपरेटरांचा आवाज कोरडा पडला होता. जीभ टाळूला चिकटून सुटत होती, शब्दाशब्दाला. जुलाब लागलेत, पण काळजी नको, कालपासून पाणी बंद केलंय, असं ते सांगत होते.

"मी तुम्हाला लिहिलं होतं ना, ते थोतांड आहे म्हणून," बाई म्हणाल्या.

"ते तुमचं मत. ते मला यंत्राने ऐकवलं," ऑपरेटर म्हणाले. "वाचलंत ते तुम्ही."

बाईंनी समजावलं, विनवलं, शेवटी चिडल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मी जन्मभर लिहिलेल्यापासून लांब राहिलेला माणूस आहे, ऑपरेटर म्हणाले, लिहिलेलं माझ्यापर्यंत पोचतं ते तुमच्याच तोंडून, मग आता निम्मं खरं धरू आणि निम्मं खोटं, ते कशावरून? पलीकडून फोन ठेवला गेला.

बाईंनी अँब्युलन्स बोलावली आणि ग्रंथालयातून पत्ता घेऊन त्या निघाल्या. ऑपरेटरांच्या खोलीखाली शिलाईचं दुकान होतं. दुकानवालीकडे दुसरी किल्ली असायची. ती गळ्यात टेप अडकवूनच वर आली. जिना चढताना ती सांगत होती की मी रोज पाणी उकळून नेऊन ठेवते, पण हे भांड्याला हात लावत नाहीत, वर मलाच म्हणतात तुम्हीही कमी प्या.

खोलीत प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. काठी दाराशी, खुर्चीची पाठ भिंतीला, फोन उशीच्या उजव्या हाताला. झाकलेलं पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं. इतकी वर्षं ज्यांच्याशी बोलणं झालं ते असे दिसतात, हे बघायला बाईंना सवड मिळाली नाही. गाल आत गेले होते, डोळे खोल गेले होते, ओठांवर पापुद्रे आले होते. अँब्युलन्समधल्या माणसाने मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. आत्ता सलाईन लावलं तर ठीक, असं तो हलकेच म्हणाला, पण शुद्धीवरचा माणूस नाही म्हणत असेल तर मी ओढून नेऊ शकत नाही. आणि ऑपरेटर नाही म्हणत होते. आवाज जेमतेम निघत होता, मान हलत होती.

बाई खाटेशी बसल्या. "मी आलेय," त्या म्हणाल्या.

"मी कोण?"

बाईंनी सांगितलं. त्यांना धाप लागली होती, रडू येत होतं, आणि त्यात शब्द नेहमीसारखे गिळले जात होते. फोनवर निदान बुचाच्या खोलीतली शांतता असायची आणि पुढ्यात उघडं पुस्तक, म्हणून तिथे त्या निम्म्या तरी वाचनाच्या आवाजात बोलत. ऑपरेटरांनी कान त्यांच्याकडे केला, थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "त्यांचा आवाज मी ओळखतो."

हे ऐकून बाईंना जे झालं ते सांगण्यासारखं नाही. ज्या एका माणसाने आपल्याला ऐकलं असं त्यांना वाटत होतं, त्याने त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. पण दु:ख करत बसायला वेळ नव्हता, खाली अँब्युलन्सचं इंजिन सुरूच होतं. बाईंनी पर्स उघडली. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत घडी घालून ठेवलेला पातळ कागद असतो, तो काढला, उलगडला, ऑपरेटरांना ऐकू जाईल असा खाटेजवळ धरून सळसळू दिला. पाठ ताठ केली. एक श्वास घेतला.

"शुद्धिपत्र," त्या म्हणाल्या.

खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. शिलाईवाली तर दाराकडे बघायला लागली, जणू दुसरीच कोणी बाई आत आली होती. ऑपरेटरांची मान हलायची थांबली.

"ज्येष्ठ तज्ज्ञांच्या सल्ल्यात झालेल्या चुका पुढीलप्रमाणे. 'पाणी पूर्ण बंद करावे' याऐवजी 'दूषित पाणी पूर्ण बंद करावे, उकळलेले पाणी भरपूर द्यावे' असे वाचावे. 'कोरड्या शरीरात जंतू तग धरत नाही' याऐवजी 'कोरड्या शरीरात माणूस तग धरत नाही' असे वाचावे. 'सलाईन घेतलेला रुग्ण घरी परतत नाही' याऐवजी 'सलाईन वेळेवर घेतलेला रुग्ण घरी परततो' असे वाचावे. चुकीबद्दल क्षमस्व."

कागदावर गोळ्या कशा ठेवाव्यात ते बारीक अक्षरात छापलं होतं. बाईंची नजर त्या ओळींवरून खरोखरच फिरत होती, सवयच होती तिला. आवाज कुठेही अडखळला नाही.

ऑपरेटरांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मग कोणी काढलंय हे, असं त्यांनी विचारलं. ज्यांनी मूळ सल्ला काढला त्यांनीच, बाईंनी त्याच आवाजात सांगितलं. ऑपरेटरांनी हात पुढे केला. बाईंना वाटलं पाणी हवंय, पण त्यांना कागद हवा होता. त्यांनी तो बोटांनी चाचपला, फार पातळ आहे म्हणाले, आणि शुद्धिपत्र पातळच असायचं असं स्वतःशीच पुटपुटून खिशात घातला. मग ते स्ट्रेचरवर जायला तयार झाले.

अँब्युलन्स गेल्यावर बाईंनी तिथेच, त्या रिकाम्या खाटेवर बसून, पर्समधली एक छापील पावती समोर धरून, तेच शुद्धिपत्र पुन्हा एकदा म्हणून फोनमध्ये भरलं आणि ग्रुपवर टाकलं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. या वेळी ही कोण, असं कोणी विचारलं नाही. त्या संध्याकाळपर्यंत ते टँकरच्या रांगेतही पोचलं होतं. ती पुढे उभी असलेली बाई आता शेजारणीला सांगत होती, चूक कबूल करायला मोठं मन लागतं.

हॉस्पिटलात पहिले काही दिवस कोणाला भेटू देत नव्हते. मग एका दुपारी बाई गेल्या. वॉर्डात फिनेलचा वास होता आणि खाटा इतक्या जवळजवळ लावलेल्या की मधून आडवं होऊन जावं लागत होतं. ऑपरेटर उशीला टेकून बसले होते. गाल थोडे भरले होते. बाईंनी काही बोलायच्या आत त्यांनी चेहरा वळवला.

"आलात," ते म्हणाले. "पावलांवरून ओळखलं. त्या दिवशीचीच."

मग त्यांनी खिशातून तो कागद काढला. घडीवर घडी पडून तो मऊ झाला होता. इथे रात्रंदिवस पडून कंटाळा आला, म्हणून नर्सकडून तो पुन्हा वाचून घेतला, असं ते म्हणाले. तिने चांगला वाचला. गोळ्या कोरड्या जागी ठेवाव्यात, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

बाई उभ्याच राहिल्या. कुणाची तरी लोखंडी खाट सरकवल्याचा आवाज येत होता.

ऑपरेटरांना राग आलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तुमच्यामुळे जिवंत आहे, हे मी कुठेही सांगेन, असं ते म्हणाले. तुमच्या जागी मी असतो तर मीही मध्ये बोललो असतो. खिडकीकडे तोंड करून, त्यांना न दिसणाऱ्या उजेडाकडे, त्यांनी विचारलं.

"ती मोठी कादंबरी आहे ना, बंदरावर वाट बघणाऱ्या भावाची. दर वर्षी ऐकतो मी, शेवटच्या पानासाठी. बहीण परत येते त्याची. ती खरंच येते, बाई? की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही आणलीत?"

"येते," बाई म्हणाल्या. "लिहिलंय तसं."

त्यांनी ते त्या ठाम आवाजात म्हणायचा प्रयत्न केला आणि तो लागलाही, समोर कागद नसताना, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून ते आणखीच वाईट झालं. ऑपरेटरांनी ऐकलं, खराब लाइन तपासावी तसं, कान थोडा पुढे करून.

"असेल," ते म्हणाले.

मग त्यांनी हळूच सांगितलं की आता यापुढे पुस्तकं फोनमधल्या यंत्राकडूनच ऐकायचं ठरवलंय. ते फार रटाळ वाचतं. पूर्णविराम खातं, नावांची वाट लावतं.

"पण त्याला माझी काळजी नाही," ऑपरेटर म्हणाले.

पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करेन, हे बाईंना त्यांना सांगायचं होतं. पण ते सांगणं म्हणजे त्यांचा निर्णय बरोबर आहे असं कबूल करणंच होतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. नर्सने पाण्याचा ग्लास आणून ऑपरेटरांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरून तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला. बाईंनी ते पुरतं बघितलं आणि मग त्या निघाल्या.